थोडं कन्फ्युजन झालं

त्रिभुवन टीचरांच्या वर्गात "मी कन्फ्यूज झालो" असं म्हणायची सोय नव्हती. म्हणजे म्हणता यायचं, पण म्हटल्यावर सुटका नसायची. टीचर खडू खाली ठेवायच्या, हात झटकायच्या आणि त्या मुलाच्या बाकापाशी जाऊन अगदी हळू आवाजात विचारायच्या, "कशात?"

"सगळ्यातच, टीचर."

"सगळ्यात कोणी कन्फ्यूज होत नाही, बाळ. सगळ्यात माणूस घाबरतो. कन्फ्यूज व्हायला दोन गोष्टी लागतात. तुझ्या कोणत्या दोन गोष्टी एकात एक मिसळल्यात, तेवढं सांग. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबायच्या. मागच्या बाकावरची पोरं खिदळायची, तास पुढे सरकायचा, टीचर तिथेच. शेवटी तो मुलगा कान खाजवत म्हणायचा, "हे आधी झालं का ते आधी झालं, ते कळंना." टीचर म्हणायच्या, "बघ, निम्मं सुटलं," आणि फळ्याकडे परतायच्या. पुष्कळदा उरलेलं निम्मं तो मुलगा फळ्याकडे न बघताच सोडवायचा.

श्रीरामपुरातल्या त्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. पण हा एक शब्द त्यांनी जितका शिकवला तितका दुसरा कुठला शिकवला नसेल. त्या सांगायच्या, जुन्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एकत्र ओतणं असा आहे. दोन तांब्यांतलं पाणी एका घागरीत ओतलं की यातलं विहिरीचं कोणतं आणि नळाचं कोणतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. ख्रिस्ती बाईच्या तोंडी ब्रह्मदेव आला की वर्ग हसायचा. त्यांना ते आवडायचं.

मग बाजाराचं उदाहरण यायचं. बाजारात पोर हरवलं. ते पोर भांबावतं. त्याची आई कावरीबावरी होते. भोवती जमलेले लोक गोंधळ घालतात. आणि चौकीत नोंद करताना जमादार घोळ घालतो. "या चौघांना इंग्रजी एकच शब्द देतं," टीचर म्हणायच्या. "पेपरात एकच लिहा. डोक्यात चार ठेवा. कारण पोर भांबावलं तर त्याला जवळ घ्यायचं असतं आणि जमादाराने घोळ घातला तर त्याला जाब विचारायचा असतो. शब्द एक झाला म्हणून दोघांना सारखं वागवायचं नाही."

माझं घर त्यांच्या घराला लागून. मधे एकच भिंत. माझे वडील साखर कारखान्यातल्या कामगार संघटनेचं काम बघायचे. आमच्याकडे पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती "कामगार बंधूंनो, जागे व्हा" या ओळीवर. वडील प्रत्येक पत्रक छापायच्या आधी टीचरांना दाखवायला मला पाठवायचे. त्या मराठी पत्रक लाल पेनने तपासायच्या. "वडिलांना सांग, राग छान आहे. पण व्यवस्थापन म्हणजे कोण? एखाद्या माणसाचं नाव घाल, नाहीतर हे ढगावर दगड मारणं झालं." वडील चिडायचे, पण नाव घालायचे.

त्या घरात दोघी बहिणी. टीचर धाकट्या. थोरल्या विमलमावशी. दोघींनीही लग्न केलं नव्हतं. विमलमावशी शिवणकाम करायच्या, जाड भिंगांचा चष्मा लावायच्या, चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने गायच्या आणि टीचरांना अजिबात भ्यायच्या नाहीत. साखरेच्या गावात राहून टीचर बिनसाखरेचा काळा चहा प्यायच्या. विमलमावशी गुपचूप त्यात चमचाभर साखर टाकायच्या आणि टीचर ओळखूनही तो पिऊन टाकायच्या.

"हिला शाळेत प्रश्न विचारायचा पगार मिळतो," विमलमावशी मला सांगायच्या, "घरी फुकट विचारते. परवा म्हणलं, भाजी काय करावी कळत नाही. तर म्हणे, कोणत्या दोन भाज्यांत? अगं बाई, घरात वांगीच आहेत."

टीचर पेपर तपासताना मान वर न करता म्हणायच्या, "मग कळत नाही असं नव्हतं. कंटाळा आला होता."

"ऐकलंस?" विमलमावशी म्हणायच्या. "हिच्याशी लग्न कोण करणार होतं?"

शाळेत मात्र त्यांच्याशी असं कोणी बोलायचं नाही. त्याला एक प्रसंग कारण झाला होता, तो मी शाळेत असताना पाहिला. वार्षिक बक्षीस समारंभात इंग्रजीचं पहिलं बक्षीस संस्थेच्या एका संचालकाच्या पुतणीला दिलं गेलं. गुण जास्त होते ते रेल्वेच्या गँगमनच्या मुलीला. टीचरांनी आधी स्टाफरूममध्ये सांगून पाहिलं होतं. समारंभात ती मुलगी रडायला लागली, तिचा बाप उभा राहिला, तेव्हा मुख्याध्यापकांनी माईकवर हसत सांगितलं, "मंडळी, थोडं कन्फ्युजन झालेलं दिसतंय. आपण नंतर बघू."

शिक्षकांच्या रांगेतून टीचर उठल्या. त्यांच्याकडे माईक नव्हता. त्या म्हणाल्या, "सर, कन्फ्युजन झालं नाही. दोन्ही नावं तुमच्यासमोर होती. तुम्ही एक निवडलं."

एवढंच. बक्षीस दुसऱ्या दिवशी कार्यालयात बोलावून, फोटो न काढता, त्या मुलीला दिलं गेलं. टीचरांना पुढे कधीही मुख्याध्यापकपद मिळालं नाही. मधल्या सुट्टीत त्या खिडकीपाशी एकट्या डबा खायच्या. ज्यांच्या मुलांना त्यांनी शिकवलं ते सहकारी त्यांना नमस्कार करून दुसऱ्या टेबलावर बसायचे. आपल्याकडे खरं बोलणाऱ्याला कोणी मारत नाही. त्याच्या शेजारची खुर्ची तेवढी रिकामी ठेवतात. पत्रकांत ही शिक्षा कुठे लिहिलेली नसते, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चाही काढता येत नाही.

पण संध्याकाळी घरी विमलमावशी असायच्या. त्यामुळे ती रिकामी खुर्ची टीचरांना फारशी लागत नसावी, असं मला तेव्हा वाटायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत विमलमावशींना ताप आला. श्रीरामपुरात खाट मिळेना. नगरच्या एका खाजगी दवाखान्यात मिळाली. टीचरांना आत जाऊ दिलं नाही. त्या परत आल्या आणि फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसायला लागल्या. रोज संध्याकाळी वॉर्डातून फोन यायचा. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू यायचा. "खाल्लं? वरणभात? किती? बरं. बरं." मग त्या आमच्या दाराशी येऊन लांबूनच सांगायच्या, "आज वरणभात खाल्ला तिने. मान हलवून अजून मागितला म्हणे."

एका सकाळी फोन आला तो वेगळा होता.

पार्थिव श्रीरामपूरला आणायची परवानगी माझ्या वडिलांनी कशीबशी मिळवली. चर्चमागच्या दफनभूमीत आईवडिलांच्या शेजारी जागा होती. गाडी आली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, चिकटपट्ट्या मारलेलं. उघडायचं नाही, हात लावायचा नाही. फादरांनी लांबून प्रार्थना म्हटली. गाण्याची वेळ आली तेव्हा कोणीच गायलं नाही. मोठ्याने गाणारं माणूसच गेलं होतं. आम्ही चार टाळकी मास्क लावून उभी होतो. टीचरांनी मूठभर माती टाकली.

परत येताना त्या मला म्हणाल्या, "एक बरं झालं, वैशू. उपाशी नाही गेली."

आठवड्याभराने त्या विमलमावशींचं सामान आणायला नगरला गेल्या. काउंटरवरून एक पिशवी मिळाली, वर खाटेचा नंबर. बसमध्ये त्यांनी ती उघडली नाही. घरी येऊन उघडली आणि मला हाक मारली. पिशवीत मंगळसूत्र होतं. दोन वाट्यांचं, काळ्या मण्यांचं, मणी झिजून पांढरट झालेले. जोडवी होती. आणि एक मोठं लाल लुगडं घडी घालून.

टीचर ते मंगळसूत्र हातात घेऊन बसल्या. अविवाहित बहिणीच्या पिशवीतून निघालेलं. मग म्हणाल्या, "पिशवी बदललीय. की…"

पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मला ते नंतर भिंतीच्या अलीकडे, माझ्या अंथरुणावर पडल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. त्या मजल्याचं काम बघणारा नितीन नावाचा तरुण होता. लाटेच्या दिवसांत तो वॉर्डात ब्रदर होता, पुरुष नर्सला आपल्याकडे ब्रदरच म्हणतात. त्याने पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, सामानाचं थोडं कन्फ्युजन झालं असेल. त्या दिवसांत काय परिस्थिती होती तुम्हाला माहितीय."

"माहितीय," टीचर म्हणाल्या. "सामानाचं की माणसांचं?"

तो कॉम्प्युटरकडे बघत राहिला. "आम्ही चेक करून कळवतो."

कोणी काही कळवलं नाही. आला तो संपत. काष्टीच्या पुढे भीमेच्या काठचा शेतकरी, मोटरसायकलवर अख्खा जिल्हा ओलांडून आलेला. पत्ता त्याने दवाखान्याच्या काउंटरवरच्या पोरीकडून काढला होता. दारात उभं राहून त्याने रुमाल सोडला. आत जाड भिंगांचा चष्मा आणि जपमाळ.

"टीचर, आमच्या आईनं उभ्या जन्मात चष्मा लावला न्हाई," तो म्हणाला. "आन् ही माळ आमची न्हाई. म्हनलं, कुनाची हाय त्याला द्यावी."

टीचरांनी चष्मा घेतला. आतून मंगळसूत्र आणून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते ओळखलं. एक वाटी चेपलेली होती, त्यावर अंगठा फिरवला.

"तुमच्या आईचं नाव काय?"

"हौसाबाई."

"त्यांना कुठे…"

"नगरलाच. अमरधामात. लांबूनच अग्नी दिला. रक्षा भीमेत सोडली." मग त्याला ते एकदम कळलं. तो ओट्यावर बसला. "टीचर, आमी अग्नी कुनाला दिला मंग?"

टीचर त्याच्या शेजारी बसल्या. "ते दवाखान्याने सांगायचं, संपत. फक्त पिशव्या बदलल्या असतील तर काहीच बिघडलं नाही. तुझी आई तुझ्या नदीत, माझी बहीण माझ्या मातीत."

"आन् तसं नसंल तर?"

"तर तुझी आई माझ्या आईवडिलांच्या शेजारी आहे."

संपतने मंगळसूत्र रुमालात बांधलं. जाताना म्हणाला, "उकरायचं म्हनत असाल तर नगं. आमचा थोरला चुलता म्हनला, मेल्या मानसाला उठवू नगा. आमची आई आधीच उपाशी गेली. रोज फोनवर सांगायचे, आज बी काय घेतलं न्हाई, डोळा उघडला न्हाई. आता तिला उकरून बघायचं का?"

"नाही उकरायचं," टीचर म्हणाल्या. "मी विचारेन."

आणि त्या दोन-अडीच वर्षं विचारत राहिल्या. दर महिन्याला, कधी पंधरा दिवसांनी, सकाळच्या एसटीने नगरला जायच्या. काउंटरसमोरच्या बाकावर छत्री मांडीवर ठेवून बसायच्या. नितीन आला की उठून तोच प्रश्न. तोही तेच उत्तर द्यायचा. कधी "रेकॉर्ड वर गेलंय", कधी "मोठे सर बाहेर आहेत", पण शेवटी तेच, "थोडं कन्फ्युजन झालं होतं, मॅडम." दवाखान्यातली मुलं त्यांना आपसांत कन्फ्युजन मॅडम म्हणायला लागली. टीचरांनी ते ऐकलं होतं. त्या मला म्हणाल्या, "शाळेतही म्हणायची पोरं. निदान ती माझ्यामागे म्हणायची, ही समोरच म्हणतात. प्रगती आहे."

बसल्या बसल्या त्यांनी भिंतीवरच्या सूचनांमधल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या. एक म्हातारी दिशा चुकून सारखी प्रसूतीकडे जायची, तिला हाताला धरून एक्स-रेकडे नेऊन सोडायच्या. हळूहळू नवीन आलेले रुग्ण चौकशीला काउंटरवर न जाता टीचरांकडे यायला लागले.

मी एव्हाना नगरला एका छापखान्यात काम करत होते. मी पत्रक लिहिलं. आयुष्यात इतकं चांगलं पत्रक मी लिहिलं नव्हतं. "पांढऱ्या कोटातले दरोडेखोर" असा मथळा होता, "प्रेतांचा बाजार" होता, "नगरकरांनो" होतं. टीचरांनी ते बाकावरच वाचलं, लाल पेन काढलं.

"दरोडेखोर कोण? त्यांनी काय चोरलं?"

"टीचर, तुम्हाला राग येत नाही का?"

"येतो. पण दरोडा म्हणशील तर ते म्हणतील आम्ही पैसे घेतले नाहीत, आणि ते खरं असेल. मग तू खोटी ठरशील आणि मी तुझ्याबरोबर." त्यांनी एकेक ओळ कापत आणली. शेवटी एकच वाक्य उरलं: या दवाखान्यातून दोन बायकांची पार्थिवं दिली गेली, कोणती कोणाला दिली, ते सांगा.

"एवढंच छापू?"

"नकोच छापू. छापलंस तर ते घाईने माफी मागतील, आणि त्या माफीत पुन्हा तोच शब्द असेल. मग माझा प्रश्न संपला असं सगळे धरतील."

तेव्हा मला त्यांचा रागच आला. या देशात माफीचा एक साचाच आहे. चूक झाली, पण केली कोणीच नाही. चेंगराचेंगरी होते, पूल पडतो, औषध चुकीचं दिलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी शांत चेहऱ्याने सांगतं की थोडा गोंधळ झाला. जणू गोंधळ वाऱ्यासारखा बाहेरून आत शिरला. अशा शब्दाविरुद्ध गावभर ओरडायला हवं, असं माझं मत होतं आणि आहे. पण टीचरांना आवाज वाढवायचा नव्हता. त्यांना उत्तर हवं होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य करायला मला वेळ लागला.

विमलमावशींच्या कबरीवर, म्हणजे त्या जागेवर, काहीच नाव नव्हतं. मातीचा उंचवटा आणि चार विटा. रविवारी चर्चमध्ये टीचर नेहमीच्या बाकावर बसायच्या, आणि शेजारची जागा लोक आपणहून सोडायचे. प्रार्थना सुटल्यावर सगळे आपापल्या कबरींवर फुलं घेऊन जायचे. टीचर आईवडिलांपाशी फुलं ठेवायच्या आणि उंचवट्यासमोर हात रिकामे घेऊन उभ्या राहायच्या. कोणासाठी ठेवायची हे माहीत नसताना फुलं ठेवणं त्यांना जमेना.

मग दफनभूमीच्या कमिटीने ठरवलं की ज्या कबरींवर नाव नाही त्या जागा मोकळ्या धरायच्या. जागा कमी पडत होती, त्यात कोणाचं चुकलं नाही. कमिटीचे पीटरकाका स्वतः घरी आले.

"रत्नमाला, नाव टाक," ते म्हणाले. "विमलचंच टाक. आम्ही कोण विचारणार? देवाला सगळं कळतं."

"देवाला कळतं म्हणून तर खोटं टाकता येत नाही, पीटरकाका."

"अगं, खोटं असेल कशावरून?"

"खरं तरी कशावरून?"

पीटरकाका उठले. दाराशी थांबून म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबतो. पुढे मला थांबता येणार नाही, बाई."

त्या आठवड्यात त्या नगरला आल्या तेव्हा मीही गेले. त्यांचे पाय सुजले होते. बाकावर न बसता त्या थेट नितीनकडे गेल्या. या वेळी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"नितीन," त्या म्हणाल्या, "मला कबरीवर नाव कोरायचंय. दिवाळीच्या आधी. दोन नावं आहेत, विमल आणि हौसाबाई. पोलिसांत जायचं असतं तर तेव्हाच गेले असते. भरपाई मला नको. खोट्या नावासमोर मेणबत्ती लावून मला मरता येणार नाही. कोणतं कोरू, एवढं तू सांग."

"मॅडम, त्या दिवसांत थोडं…" तो म्हणाला आणि थांबला. टीचर वाट बघत होत्या. चिडलेल्या नव्हत्या. वर्गात थांबायच्या तशा थांबल्या होत्या.

तो काउंटरमागून बाहेर आला. आम्हाला पार्किंगमधल्या लिंबाखाली घेऊन गेला. दुपारची वेळ होती, रुग्णांचे नातेवाईक सावलीत डबे खात होते.

"हौसाबाईंचं कोरा," तो म्हणाला.

टीचरांनी मान हलवली.

"विमलबाईंच्या खाटेवरचा ऑक्सिजनचा पॉइंट बिघडला होता. विमलबाईंची तब्येत जास्त खराब होती म्हणून चांगल्या पॉइंटच्या खाटेवर त्यांना घेतलं. हौसाबाईंना त्यांच्या जागी. आम्ही सगळं खाटेच्या नंबरावर करायचो, मॅडम. नाव कोण बघतंय, पीपीई किटमध्ये घामाने दिसायचं नाही. चार्ट बदलायचं राहिलं. दोघी एकाच सकाळी गेल्या. पुढचं सगळं नंबरावर झालं. बॉड्या, पिशव्या, सगळं."

"चार्ट बदलायचं काम कोणाचं होतं?"

"माझं." मग तो पुन्हा म्हणाला, "माझं होतं. मला आठ-दहा दिवसांनी लक्षात आलं. तुम्ही पिशवी घेऊन आलात तेव्हा."

माझ्या तोंडात सगळी पत्रकं एकदम आली. टीचरांनी माझ्याकडे न बघताच माझ्या मनगटावर हात ठेवला.

"खाटा कधी बदलल्या?" त्यांनी विचारलं.

"भरती झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी."

शेजारी कोणीतरी डब्याचं झाकण लावलं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं, की त्या फोनवरची एकेक संध्याकाळ मोजत होत्या.

"म्हणजे तो वरणभात…"

"हौसाबाईंनी खाल्ला, मॅडम."

"आणि विमलने?"

एवढी वर्षं टीचरांनी उराशी धरलेली एकच गोष्ट होती, की ती उपाशी गेली नाही. तीही दुसऱ्याची निघाली. सत्य आपल्या बाजूचं असतं, असं आमच्या पत्रकांत लिहिलेलं असायचं. मीही लिहिलं आहे. त्या लिंबाखाली ते कोणाच्या बाजूचं नव्हतं.

टीचर म्हणाल्या, "नितीन, रविवारी तुला सुट्टी असते का? हेच संपतला सांगायचंय. त्याच्या घरी जाऊन. आणि तो शब्द न वापरता."

तो आला. मला वाटलं होतं येणार नाही. दवाखान्याने आजपर्यंत काहीही कबूल केलेलं नाही. त्या एका माणसाने केलं, आणि ते सांगायला तो आमच्याबरोबर भीमेकाठच्या त्या गावी आला. संपतच्या अंगणात बाजेवर बसून त्याने खाटा, चार्ट, नंबर सगळं सांगितलं. म्हणाला, "चूक मी केली. आणि लपवलीही मीच." संपतचे चुलते काठी टेकून उभे होते. ती काठी उठेल असं मला वाटत होतं.

टीचरांनी मधेच म्हटलं, "संपत, तुझी आई उपाशी गेली नाही. तुला फोनवर सांगायचे ते माझ्या बहिणीचं होतं. तुझी आई जेवत होती. वरणभात खायची. मान हलवून अजून मागायची."

संपतने त्यांच्याकडे पाहिलं. "खात हुती?"

"शेवटच्या संध्याकाळीसुद्धा."

"कुनी भरवलं?"

नितीन म्हणाला, "मी भरवायचो. चमच्याने."

संपतने तोंडावर उपरणं घेतलं. चुलत्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि आत बघून म्हणाले, "सूनबाई, च्या टाका."

निघताना संपत टीचरांच्या पाया पडला. "आई तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "चांगल्या घरी हाय."

पीटरकाकांनी थोडी कुरकुर केली. क्रॉसवर हौसाबाई कसं कोरणार? टीचर म्हणाल्या, क्रॉस नको, साधी फरशी बसवू, नाव मात्र तिचंच हवं. कमिटीची बैठक झाली. फरशी बसली. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, सगळे आपापल्या मृतांसाठी मेणबत्त्या लावतात त्या संध्याकाळी, संपत पिकअप भरून घरची माणसं घेऊन आला. बायकांनी फरशीला हळदकुंकू लावलं, नैवेद्य ठेवला. शेजारच्या कबरींवरच्या ख्रिस्ती बायांनी सरकून त्यांना जागा करून दिली. संपतच्या लेकराने मेणबत्ती लावायचा हट्ट धरला, त्यालाही लावू दिली.

टीचर जरा लांब, भिंतीपाशी उभ्या होत्या. सगळ्यांकडे उभं राहायला कबर होती. त्यांच्या हातात एक मेणबत्ती होती, न पेटवलेली. ती त्यांनी तशीच पिशवीत परत ठेवली.

त्यानंतर मी पुण्याला आले. टीचरांना मी शेवटचं पाहिलं ते पुण्याला निघण्याच्या थोडं आधी, नगरच्या माळीवाडा स्टँडवर. सकाळची वेळ होती. त्या एकट्या दौंड गाडीच्या फलाटावर उभ्या होत्या, छत्री, पिशवी. मी म्हटलं, "टीचर, मी येऊ का बरोबर? संपतकडे ना?"

"संपतकडे नाही गं. त्याला कळवू नकोस, जेवायला थांबवून घेईल. दौंडच्या अलीकडे पूल आहे ना, तिथे उतरणार. तू कामाला जा."

मी त्यांची पिशवी वर चढवून दिली. त्या खिडकीपाशी बसल्या. शेजारची सीट रिकामी होती. त्यांनी पिशवी तिथे न ठेवता मांडीवर घेतली. कंडक्टर मशीन घेऊन आला.

"कुठं, आज्जी?"

"भीमेच्या पुलावर."

"पुलावर? तिथं काय न्हाई ओ. नुसती नदी हाय. कोन हाय तिथं तुमचं?"

"बहीण," टीचर म्हणाल्या आणि सुटे पैसे पुढे केले.

त्याने तिकीट फाडून दिलं.